एका बोटानं सरकवलेलं तबक

माझ्या हाउसमेटच्या आईला मी आधी पडद्यावर पाहिलं आणि बऱ्याच महिन्यांनी कार्डिफ स्टेशनच्या बाहेर, दोन बॅगांसह. मधल्या काळात मला त्यांची चांगलीच भीती बसली होती.

आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलमध्ये काम करतो. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, मी अपॉइंटमेंटच्या सॉफ्टवेअरवर. ती हनोईची, मी पुण्याची. एका एजन्सीमार्फत एकाच घरात खोल्या मिळाल्या, एवढीच आमची ओळख. मी आपणहून बोलणारी नाही. तीही नाही. पहिले काही आठवडे आम्ही किचनमध्ये एकमेकींना वाट देत होतो, तेवढाच संबंध.

रविवारी दुपारी वॉशिंग मशीन लावलं की ती किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि कपड्यांच्या घड्या घालत तिकडची मालिका बघायची. एका रविवारी मी चहा करायला गेले आणि कप हातात घेऊन तशीच उभी राहिले, भाग संपेपर्यंत. पुढच्या रविवारी तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली होती.

या मालिका आपल्यासारख्या वर्षानुवर्षं चालत नाहीत. तीस-चाळीस भागांत संपतात आणि मग पुष्कळदा त्याच नटांना घेऊन दुसरी सुरू होते. परवापर्यंत जो बाहेरख्याली नवरा होता तो आता प्रामाणिक पोलीस असतो, आणि त्याची बायको त्याची बहीण झालेली असते. नव्या माणसाचा यात पार गोंधळ उडतो. मोठी कामं करणारे बरेचसे नट मुळात नाटकातले. ते खरोखर बोलल्यासारखं बोलतात, आणि ऐकतानाही काम करत असतात. प्रत्येक भागात निदान एकदा सगळे जेवायला बसतात आणि भांडण नेमकं तिथेच होतं. घास घेण्याआधी धाकट्यांनी मोठ्यांना एकेकाला ‘जेवा’ म्हणायचं असतं. सुनेनं सगळ्यांना म्हटलं आणि सासूला वगळलं, तर पुढचे चार भाग त्यावर निघतात.

भाषा मला येत नाही. खाली इंग्रजी वाक्यं येत, कुणीतरी हौसेनं केलेली, बोलण्याच्या जरा मागून. त्यामुळे मी चेहरे आधी वाचायचे आणि अर्थ नंतर. आमच्या दोघींच्या मैत्रीचंही साधारण तसंच झालं.

तर अशाच एका मालिकेत एक कापडाच्या दुकानाची मालकीण होती. तिच्या मुलीचं एका गरीब घरातल्या मुलावर प्रेम. त्यांच्याकडे रीत अशी की मुलाकडची माणसं मुलीच्या घरी तबक घेऊन येतात. तबकात विड्याची पानं आणि सुपारी. मुलीकडच्यांनी ते ठेवून घेतलं की लग्न ठरलं. मुलाची आई सायकलवरून भाजी विकणारी, तिनं उसनी साडी नेसावी तसा उसना झगा घातलेला. ती तबक टेबलावर ठेवते. मालकीण बराच वेळ काही बोलत नाही. मग उजव्या हाताचं एक बोट तबकाच्या कडेला लावते आणि ते हळूच परत सरकवते. टेबलाच्या पार त्या टोकापर्यंत. बस. ना आवाज, ना पार्श्वसंगीत.

मी म्हणाले, काय बाई आहे ही.

“माझी आई आहे,” हाउसमेट म्हणाली. मोज्यांची जोडी जुळवत होती ती.

मला वाटलं चेष्टा करते आहे. तिनं फोनमधला फोटो दाखवला. तीच बाई, डोक्याला टॉवेल, हातात आंबा. तिकडे हा प्रसंग एवढा गाजला होता की पोरंपोरी फोनवर त्याची नक्कल करून टाकत. कुणी जेवणाचं ताट एका बोटानं सरकवे, कुणी परीक्षेचा पेपर. बाजारात एका मासेवालीनं हाउसमेटच्या आईला मासे द्यायला नकार दिला होता. वीस वर्षं त्या अशाच बायकांची कामं करत आल्या होत्या. कजाग सासू, आतल्या गाठीची जाऊ, सावत्र आई. गुणी बाईचं काम एकदाच मिळालं होतं आणि त्यात त्या दुसऱ्या भागात वारल्या.

हे सगळं गमतीचं होतं, ते हाउसमेटचं लग्न ठरायची वेळ येईपर्यंत.

तिचा मित्र आमच्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. जन्म वेल्समधला, घरची भाषा व्हिएतनामी, पण लंगडती. त्याचे आईवडील तो लहान असतानाच वेगळे झाले आणि आपापल्या वाटेनं गेले. त्याला आजीनं वाढवलं. आजी खूप वर्षांपूर्वी व्हिएतनामहून बोटीनं निघालेली, मग निर्वासितांचा कॅम्प, मग कार्डिफच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका लहान गावात पार्सल जेवणाचा टेकअवे. आता तो तिचा मुलगा, म्हणजे याचा काका चालवतो, आणि आजी वर माडीवर बसून मालिका बघते. तिनं तो प्रसंग पाहिलेला होता. नातवाला ज्या मुलीशी लग्न करायचं आहे तिची आई कोण, हे कळल्यावर ती म्हणाली की त्या बाईच्या दारात मी तबक घेऊन जाणार नाही.

“आजी, ते नाटक आहे,” नातू म्हणाला.

“नाटक आहे हे मला कळतं,” आजी म्हणाली. “पण बोट तर तिचंच आहे ना?”

हे तो आम्हाला किचनमध्ये सांगत होता. मला हसू आलं. हाउसमेटला आलं नाही. कारण आजीइतकीच तिलाही आईची खात्री नव्हती. वडील गेल्यापासून आई हनोईत एकटी. मुलीनं इथे लग्न केलं की ती परत यायची नाही हे उघड होतं. व्हिडिओ कॉलवर तिनं आईला मित्राबद्दल सांगितलं तेव्हा आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवलीस का?” त्यानंतर त्या विषयावर ना हो, ना नाही. मग एक दिवस दोन मालिकांच्या मधल्या सुट्टीत येते म्हणून कळवलं. काय ठरवून येते ते कळवलं नाही.

येण्याच्या आदल्या दिवशी मी गॅसचा सगळा हॉब घासून काढला. माझ्या कांदापोह्यांच्या फोडण्यांचे डाग होते त्यावर. कुणीतरी येऊन एका बोटानं माझी कढई बाजूला सरकवेल असं काहीतरी माझ्या मनात होतं.

आल्या त्या एक लहानखुऱ्या बाई, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. हाउसमेटनं मला त्यांना ‘बाक’ म्हणायला शिकवलं होतं. त्यांच्यातही मोठ्यांना नावानं हाक मारत नाहीत, आईवडिलांहून वडील माणसाला बाक म्हणतात. मी म्हटलं, आणि त्यांनी माझ्याकडे नीट पाहून मुलीला काहीतरी विचारलं. मुलीनं भाषांतर केलं: तुमच्या मालिकांमध्ये सासू दारात आली की तिचा चेहरा तीनदा का दाखवतात?

आपल्या हिंदी मालिका तिकडे भाषांतर करून दाखवतात आणि दुपारी सगळा देश बघतो, हे मला तेव्हा कळलं. बाक म्हणाल्या की एवढ्यात आमच्याकडे एक अख्खं भांडण संपतं.

बाक घरात असताना मला एका गोष्टीची सवय करून घ्यावी लागली. भांडी घासताना त्या पुढच्या मालिकेची वाक्यं मोठ्यानं पाठ करायच्या. पहिल्या सकाळी खालून असा काही आवाज आला की मायलेकींचं बिनसलं म्हणून मी जिन्यातच थांबले. हळूच डोकावले तर हाउसमेट टोस्टला लोणी लावत होती आणि बाक फ्रिजला काहीतरी सुनावत होत्या. एका शब्दाशी अडल्या, मागे गेल्या, पुन्हा पहिल्यापासून. हाउसमेट म्हणाली, “काही नाही, फ्रिजला घराबाहेर काढते आहे.” पण हसताना ती आईकडे बघत नव्हती. त्या दोघी लग्नाबद्दल अजून एक शब्द बोलल्या नव्हत्या.

शहरातल्या व्हिएतनामी दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा एका मुलीनं त्यांना ओळखलं. फोन काढला आणि काउंटरवरचं नूडल्सचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं, बोटानं सरकवून दाखवा म्हणून. बाक गोड हसल्या. “बोट सुट्टीवर आहे,” म्हणाल्या. असं त्या नेहमीच करतात, हाउसमेटनं नंतर सांगितलं. कॅमेऱ्याबाहेर त्या कुणासाठीच काम करून दाखवत नाहीत. एकदा कुठल्याशा मोठ्या माणसाच्या मुलीच्या लग्नात आग्रह झाला तर जेवण सोडून निघून आल्या होत्या.

त्या प्रसंगाबद्दल मी त्यांना विचारलं ते हाउसमेट कामावर असताना. त्यांना थोडं इंग्रजी येतं, आणि दोघींना सारखंच अडखळायला लागलं की मला बोलणं सोपं जातं. त्या म्हणाल्या की दिग्दर्शकाला तबक भिरकावून द्यायला हवं होतं. पण सुपारीचा तेवढा एकच ताजा घड आणलेला. फेकला असता आणि दृश्य नीट उतरलं नसतं तर दुसरा घड नव्हता. म्हणून सरकवलं. बोट हलकं ठेवावं लागतं, नाहीतर तबक किरकिरतं. एवढंच होतं त्यात.

मग त्यांनी मला विचारलं की आई कुठे असते, भेटते का. मी म्हटलं पुण्यात, दर शनिवारी व्हिडिओ कॉल करते.

“मी मुलीला तशीच बघते,” त्या म्हणाल्या. “फोनमध्ये. लोक मला बघतात तशी.”

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की आजीची भीती अगदीच चुकीची नाही.

आजी शेवटी यायला तयार झाली, ते नातवानं दोन रविवार तिच्या गावी जाऊन मनधरणी केल्यावर. तिची एक अट होती: रीतीत कुठेही उणं राहता कामा नये. त्या बाईला बोट लावायला जागा द्यायची नाही. तबक नातवानं कार्डिफमध्ये तयार ठेवायचं, कारण आजीच्या गावात काहीच मिळत नाही. आता कार्डिफच्या दुकानात त्या आठवड्यात पानं-सुपारी काहीच आलेलं नव्हतं. मी शनिवारी मावशीकडे लेस्टरला जाणार होते. हाउसमेटनं जरा संकोचानं विचारलं, तुमच्याकडे पानं आणि सुपारी मिळते ना?

मला बरं वाटलं. इतके दिवस मी त्यांच्या किचनमध्ये नुसती बघत बसलेली, आणि ही एक गोष्ट मला माहीत होती. म्हटलं, अगं, आमच्याकडे प्रत्येक पूजेला हेच लागतं. तू काळजीच करू नकोस.

मावशी मला बेलग्रेव्ह रोडवरच्या तिच्या नेहमीच्या दुकानात घेऊन गेली. पानं तिनं स्वतः उलटीपालटी करून निवडली, डाग असलेली बाजूला काढली. सुपाऱ्याही एकसारख्या, गोल, न किडलेल्या बघून घेतल्या.

“कोणाचं ठरतंय? तुझं का?” दुकानदारासमोरच तिनं विचारलं.

“नाही गं. हाउसमेटचं.”

“म्हणजे दुसऱ्यांच्या सुपाऱ्या वाहायच्या आणि आपण मात्र कोरडं राहायचं.” ती पिशवी माझ्या हातात देत म्हणाली. “सुपारी आहे, जपून ने. रस्त्यात सांडायची नसते.”

परतीच्या बसमध्ये मी पिशवी मांडीवर ठेवली होती. पानं ओल्या कापडात गुंडाळली. रविवारी सकाळी ती आणि सुपारीची पुडी मी हाउसमेटच्या मित्राकडे दिली. त्यानं आयुष्यात एकही सुपारी पाहिलेली नव्हती. त्यानं नीट विचारून तबकात पानं गोल मांडली, मध्ये सुपाऱ्यांची रास केली, बाजूला चहाचा डबा आणि मुगाच्या वड्या, आणि वरून लाल कापड घातलं. छान दिसत होतं. मी फोटोही काढला.

दुपारी काका आजीला गाडीतून घेऊन आला. आजीनं निळा मखमली झगा घातला होता आणि वरून जाड स्वेटर, कारण आमच्या पुढच्या खोलीत हीटर नीट चालत नाही. बाक साध्या राखी कपड्यांत होत्या. दागिना नाही. दोघी एकमेकींसमोर बसल्या आणि हवेबद्दल बोलल्या. आजीनं एकदाच बाकच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर होता.

मुलीकडची माणसं म्हणून बाक, हाउसमेट आणि मी. मला चहाचे पेले फिरवायचं काम होतं. हाउसमेट तिच्या जागी इतकी ताठ बसली होती की पेला देताना माझा हात तिला लागला तर दचकली. कोपऱ्यात पुस्तकांच्या कपाटावर तिच्या वडिलांचा फोटो, पुढे उदबत्ती. स्मोक अलार्म वाजू नये म्हणून तेवढी एक खिडकी उघडी ठेवली होती.

काकानं चार शब्द बोलून दाखवले. नातवानं तबक टेबलावर ठेवलं आणि आजीनं स्वतः कापड उचललं.

ती थांबली. कापड तिच्या हातात तसंच राहिलं.

मग तिनं अगदी हळू आवाजात नातवाला काहीतरी विचारलं. त्याला समजलं नाही. हाउसमेट माझ्याकडे वळली आणि तिचा चेहरा पाहूनच मला कळलं की चूक माझी आहे, काय ते अजून कळायचं होतं. आजी विचारत होती, या लाकडाच्या गोळ्या कसल्या?

त्यांच्याकडे सुपारी म्हणजे ताजी. हिरवी, सालीसकट, घडानं लागलेली, सुरीनं चिरता येईल अशी. मी मालिकेत तो घड पाहिला होता, एकदा नाही, चार-पाचदा. पण ती सुपारी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं कसलीतरी शोभेची फळं. माझ्यासाठी सुपारी म्हणजे गणपतीच्या जागी पाटावर ठेवतात ती. वाळलेली, तपकिरी, दगडासारखी.

आजीचे कान लाल झाले होते. नको नको म्हणत असताना तिला इथे आणलं होतं, आणि तिच्या तबकातच खोट निघाली होती. काका छताकडे बघत होता. बाकनी हात मांडीवरून उचलला. तबकातली एक सुपारी घेतली आणि टेबलाच्या काचेवर आपटून पाहिली. टक्, टक्. मग माझ्याकडे पाहिलं आणि मुलीमार्फत विचारलं, ही तू आणलीस?

सगळे माझ्याकडे बघत होते. अशा वेळी माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, शाळेपासून. पण इथे माझ्याशिवाय कुणाला उत्तर माहीतच नव्हतं. मी म्हणाले की हो, मी आणली. आमच्याकडे लग्न ठरवताना हीच ठेवतात. ताजी मी कधी पाहिलेली नाही.

“ही कशी खातात?” त्यांनी विचारलं.

“ही खायला नसते. फोडतात.” मग मावशीसारखी माणसं हे ज्या सुरात सांगतात तो सूर मला आठवला. “दोन्हीकडची माणसं बसतात आणि सुपारी फोडतात. सुपारी फुटली की ठरलं. मग कुणी मागे फिरत नाही.”

हाउसमेटनं ते सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना ती अडली, मग बोलली.

आजी माझ्याकडे वळली. हिंदी मालिकांतली सगळी लग्नं मी बघितली आहेत, ती म्हणाली, त्यात हे कधी दाखवलं नाही.

“त्या आमच्या नाहीत,” मी म्हणाले. “आमचं वेगळं असतं.”

बाक मान वळवून कपाटावरच्या फोटोकडे बघत होत्या. बराच वेळ बघत होत्या. मालिकेत त्या अशा थांबतात तेव्हा मला नेहमी कळायचं की आता काहीतरी वाईट होणार. इथे मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि तबकाच्या कडेला टेकवलं.

हाउसमेटनं डोळे मिटले. आजीनं कापड मुठीत आवळलं.

बोट तबकाच्या कडेवरून आत गेलं, वाकलं, आणि बाकनी ते तबक एका बोटानं आपल्याकडे ओढून घेतलं. हळू. ढकलण्यापेक्षा ओढणं अवघड असतं. मध्येच ते किरकिरलं. ते त्यांच्या पोटाला टेकेपर्यंत त्या आजीकडे बघत होत्या, अगदी त्या कापडवालीच्या नजरेनं.

आधी आजी हसली. पुढचे दात नसलेल्या तोंडानं, कापड तोंडावर धरून. मग काका. हाउसमेट रडायला लागली तेव्हा बाक तिला काहीतरी रोखठोक बोलल्या, आणि ती रडता रडता उठून खलबत्ता आणायला गेली.

सुपारी फोडायची कशी, ते सगळ्यांनी मला विचारलं. मी आमच्याकडे अडकित्ता असतो म्हणाले, आणि तो कसा असतो हे हातांनी दाखवलं. तो नव्हता. आजीनं बत्ता कुणाला दिला नाही. पहिल्या घावाला सुपारी उडाली आणि सोफ्याखाली गेली. काकाला पोटावर झोपून ती काढावी लागली. दुसऱ्यांदा आजीनं ती तबकावरच्या लाल कापडात गुंडाळली, खलात ठेवली आणि बाकला म्हणाली, धर. बाकनी कापडाची टोकं धरली. आजीनं घाव घातला. तेव्हा फुटली.

अर्धी आजीनं रुमालात बांधली. अर्धी बाकनी घेतली. तबक वडिलांच्या फोटोपुढे ठेवलं आणि सगळे जेवायला बसले. मी सर्वांत धाकटी. हाउसमेटनं खुणावलं तसं मी एकेकाला ‘जेवा’ म्हटलं, आजीपासून सुरुवात करून. कुणाला वगळलं नाही.

बाक निघायच्या दिवशी सकाळी मी कामावर जायला बूट घालत होते. त्या जिन्याच्या पायरीवर येऊन बसल्या. माझी आई पुण्यात एकटी असते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाही, बाबा आहेत, धाकटा भाऊही आहे.

“मग बरं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “कोणी मागे फिरत नाही, ते खरं?”

मी म्हटलं, आमच्यात तसं म्हणतात.

त्यांनी मान हलवली. आणि मग मुलगी आंघोळीला गेली आहे ना, याची खात्री करून पर्समधला तो सुपारीचा तुकडा मला दाखवला आणि परत ठेवला.

त्यांची नवी मालिका आता सुरू आहे. यात त्या घरमालकीण आहेत आणि भाडेकरूंना छळतात. फ्रिजला सुनावलेली वाक्यं चौथ्या भागात आली तेव्हा मी ओळखली. भाषा न कळताही, नुसत्या सुरावरून. रविवारी आता किचनमध्ये तिसरी खुर्ची असते, हाउसमेटच्या मित्राची. शिवाय वरच्या गावातून आजी फोनवर असते, तिच्या टीव्हीवर आमच्यापेक्षा जरा आधी चालू होतं, त्यामुळे पुढे काय होणार ते ती आधी सांगून टाकते. भाग संपला की ती विहिणीला मेसेज करते की त्या गरीब भाडेकरूचं पाणी तोडायला नको होतं. हनोईहून उत्तर येतं की पुढच्या आठवड्यात वीजही तोडणार आहे.

लग्न वसंतात आहे. परवा तयारीचं बोलणं चाललं होतं तेव्हा मी आपणहून म्हणाले की लेस्टरहून काय आणायचं ते सांगा. हाउसमेटनं तिच्या मित्राकडे पाहिलं. त्यानं फोन कानाला लावूनच आजीला विचारलं. आजी काय म्हणाली ते मला ऐकू आलं, पण अर्थ नेहमीप्रमाणे जरा मागून आला.

“आजी म्हणते, पानं तू आण,” तो म्हणाला. “सुपारीचं आम्ही बघतो.”